गुंगेरियाची वृषभशीर्षे : बालाघाटचा ताम्रनिधी आणि इजिप्तच्या रक्षाचिन्हांचा धडा

वैनगंगेच्या खोऱ्यातला हट्टा परगणा आणि त्याच्या पलीकडे टप्प्याटप्प्याने चढत जाणारे सातपुड्याचे पठार असा दुहेरी मुलूख असलेला बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या शेजारच्या जिल्ह्यांचे भाग तोडून तयार करण्यात आला. मैदानात भातशेती, तळी आणि पोवार, लोधी, मरार यांची गावे, तर वर बैहरच्या जंगलात गोंड आणि बैगा, अशी येथील वस्तीची ढोबळ मांडणी आहे; भंडाऱ्याशी असलेल्या जुन्या नात्यामुळे खालच्या भागात मराठी आणि पोवारी घराघरांतून बोलली जात आली. हट्ट्याचे नाव आज बाहेर पोहोचते ते तेथील मजलेदार दगडी बावडीमुळे. जगाच्या पुरातत्त्वात मात्र या जिल्ह्याची नोंद झाली ती बावडीहून हजारो वर्षांनी जुन्या असलेल्या एका निधीमुळे, आणि त्या निधीतल्या चांदीच्या पातळ पत्र्यांनी उभा केलेला प्रश्न दीडशे वर्षे उलटून गेली तरी सुटलेला नाही.

हा निधी १८७० मध्ये गुंगेरिया या गावी सापडला. गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला, तो उपटताना आणखी तुकडे लागले, आणि खणत गेल्यावर तांब्याच्या एकूण ४२४ वस्तू हाती आल्या, ज्यांचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले. बालाघाटचे तेव्हाचे डेप्युटी कमिशनर ब्लूमफील्ड यांच्यामार्फत ही हकिकत बंगालच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली आणि त्याच वर्षीच्या तिच्या कामकाजवृत्तांतात छापली गेली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिन्सेंट स्मिथ यांनी भारतातल्या ताम्रयुगीन हत्यारांचा आढावा घेतला, तेव्हा तांब्याच्या हत्यारांचा इतका महत्त्वाचा साठा जुन्या जगात दुसरीकडे कोठे नोंदला गेल्याचे त्यांना आढळले नाही. हत्यारांत चपट्या कुऱ्हाडी होत्या आणि पहारीसारख्या लांब, एका टोकाला धार दिलेल्या दांड्याही होत्या. तांबे बाहेरून आणावे लागले असेल असे मानण्याचे कारण नाही, कारण देशातली तांब्याची सर्वांत मोठी खाण, मलाजखंड, याच जिल्ह्यात आहे. एका गावाच्या गरजेच्या कितीतरी पट असलेला हा साठा कोणी आणि का पुरला, या प्रश्नाला कारागिराचा माल, पळून जाणाऱ्यांची दौलत, देवतेला वाहिलेले दान अशी वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत.

तांब्याच्या या ढिगाबरोबर चांदीचे १०२ पत्रे निघाले, आणि खरे कोडे त्यांच्यात आहे. हे पत्रे अतिशय पातळ असून त्यांचे दोनच प्रकार आहेत: एक साध्या गोल चकत्यांचा आणि दुसरा बैलाच्या डोक्याच्या आकाराचा, ज्यात शिंगे आणि कान वळवून स्पष्ट दाखवले आहेत. उत्तर भारतात गंगा-यमुनेच्या दुआबापासून छोटा नागपूरपर्यंत ताम्रनिधी अनेक ठिकाणी सापडले असले, तरी त्यांत चांदी येत नाही. गुंगेरिया हा त्याला जवळजवळ एकमेव अपवाद. मध्य भारतात चांदीची खाण नाही, म्हणजे हा धातू दुरून, बहुधा पश्चिमेकडून, देवघेवीतून आलेला असणार, आणि तो आणणाऱ्यांनी त्याची भांडी किंवा कडी न घडवता बैलाची डोकी कापून घेतली. काही अभ्यासकांना ही चांदी आणि तांबे एका काळाचे मानणे अवघड वाटले, परंतु दोन्ही एकाच ठिकाणी पुरलेले होते ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. एवढा पातळ पत्रा एकटा अंगावर टिकत नाही. महाराष्ट्रातल्या देवघरांतले टाक, म्हणजे कुलदेवतेची आकृती ठोकून उठवलेले चांदीचे छोटे पत्रे, पाहिले तर त्यांना मागून तांब्याचा पत्रा जोडून बळकटी दिलेली आढळते. त्याचप्रमाणे गुंगेरियाचे पत्रेही कापड, कातडे किंवा लाकूड अशा एखाद्या आधारावर बसवलेले असावेत, असा तर्क करता येतो. तो आधार माणसाचा पोशाख होता, बैलाचा साज होता, देवाचा खांब होता की मृताची तिरडी होती, हे पत्र्यावरून कळत नाही.

या पत्र्यांना अलंकार म्हणावे की रक्षाचिन्ह, हा प्रश्न येथे येतो. रक्षाचिन्ह म्हणजे ज्या वस्तूच्या आकारात, रंगात, द्रव्यात किंवा तिच्यावर म्हटलेल्या मंत्रात संकट परतवण्याचे सामर्थ्य आहे अशी श्रद्धा असते आणि म्हणून जी माणसाच्या, जनावराच्या, घराच्या किंवा थडग्याच्या अंगाशी ठेवली जाते ती वस्तू. मराठीत तिचे रोजचे नाव ताईत. अलंकार आणि ताईत यांच्यातली सीमा कोणत्याही समाजात पुसटच असते, आणि केवळ आकार पाहून ती आखता येत नाही. ती कशाच्या आधारे आखता येते, हे समजून घ्यायचे तर प्राचीन इजिप्तकडे वळावे लागते, कारण ताईत, तो ज्या देहावर बांधला तो देह आणि तो बांधताना म्हणायचा मंत्र, या तिन्ही गोष्टी एकत्र आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कोणत्याही प्राचीन संस्कृतीने मागे ठेवलेल्या नाहीत.

इजिप्तमधले सर्वांत जुने ताईत फेरोंच्याही आधीचे, इ.स.पू. ४००० च्या पलीकडच्या बदारी काळातल्या कबरींतून निघालेले आहेत. पाणघोडा आणि हरणाचे डोके यांच्या छोट्या आकृती मृतांच्या अंगावर ओवलेल्या आढळतात. त्यानंतरच्या नकादा काळात, म्हणजे इ.स.पू. चौथ्या सहस्रकात, जो ताईत वारंवार दिसतो तो बैलाच्या डोक्याचा. हस्तिदंत, सर्पेंटाइन दगड किंवा तांबडा अकीक कोरून केलेल्या या लहान डोक्यांची शिंगे आतल्या बाजूला वळलेली असतात आणि दोरा ओवण्यासाठी छिद्र पाडलेले असते. त्यांत बैल पाहावा की हत्ती, असाही वाद अभ्यासकांत झाला आहे, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे: हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिराला जे उघड होते ते आज पाहणाऱ्याला उघड असतेच असे नाही. तरीही ही वस्तू ताईत होती याविषयी शंका उरत नाही, कारण ती कबरीत, देहाशी, छिद्रासह सापडते.

पुढे राज्य एकवटल्यावर या शिंगांना राजाश्रय मिळाला. १८९८ मध्ये हिराकॉनपोलिस येथे सापडलेल्या नार्मर राजाच्या पाटीवर, जिचा काळ इ.स.पू. ३१०० च्या सुमाराचा आहे, दोन्ही बाजूंना वरच्या कोपऱ्यांत मानवी चेहरा, गायीचे कान आणि आत वळलेली शिंगे असलेले देवीचे मुख कोरलेले आहे; बात नावाची ही देवी पुढे हाथोर या थोर गोदेवतेत विलीन झाली. राजाच्या कमरपट्ट्यावरही तेच मुख लटकलेले दिसते, म्हणजे देवीचे चिन्ह राजा अंगावर धारण करत होता. सक्कारा येथील पहिल्या राजवंशातल्या ३५०४ क्रमांकाच्या मस्तब्याभोवती, म्हणजे विटांच्या चौकोनी थडग्याभोवती, वॉल्टर एमरी यांना एक बुटका ओटा सापडला, ज्यावर मातीची सुमारे ३०० बैलांची डोकी खऱ्या शिंगांसह ओळीने बसवलेली होती. ती सजावट होती की बळी दिलेल्या बैलांचे स्मारक, यावर मते वेगळी असू शकतात. परंतु थडग्याच्या चारही अंगांनी शिंगे बाहेर रोखून उभी केलेली ही रांग पाहिल्यावर तिच्यात पहारा दिसतोच, आणि प्रस्तुत लेखाचे मतही त्याच बाजूचे आहे.

इजिप्शियनांच्या दृष्टीने या सर्वामागे ‘हेका’ नावाची शक्ती होती. सृष्टी निर्माण करताना देवाने जी शक्ती वापरली तीच हेका, आणि तीच माणसांनाही स्वतःच्या रक्षणासाठी दिलेली आहे, अशी त्यांची धारणा होती; त्यामुळे ज्याला आज ‘जादू’ म्हणून धर्माबाहेर काढले जाते ते त्यांच्या धर्माच्या मध्यभागी बसलेले होते, आणि मंदिरातला पुरोहित तोच साप-विंचवाच्या दंशावर मंत्र घालणारा असे. ताइताचे सामर्थ्य मग चार वाटांनी येई: आकृतीतून, रंगातून, द्रव्यातून आणि मंत्रातून. हिरवा रंग पुन्हा उगवण्याचा, तांबडा रक्ताचा आणि जोमाचा, सोने देवांच्या न गंजणाऱ्या देहाचे. आणि म्हणून कोणता ताईत कशाचा करावा याचे नियम ठरलेले होते. फ्लिंडर्स पेट्री यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अम्युलेट्स’ या ग्रंथात इजिप्शियन ताइतांचे २७५ प्रकार नोंदवले आणि त्यांची वर्गवारी केली. आजही त्या वर्गवारीपासूनच अभ्यासाला सुरुवात होते.

या नियमांचे लेखी रूप ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात सापडते, ज्याच्या प्रती पपायरसच्या गुंडाळ्यांवर लिहून मृताबरोबर ठेवल्या जात. त्याच्या १५५ व्या अध्यायात ‘जेद’ या स्तंभाच्या आकाराचा सोन्याचा ताईत सांगितला आहे, जो ओसायरिस या मृतांच्या देवाचा कणा मानला जाई. १५६ व्या अध्यायात ‘तित’ म्हणजे इसिस देवीची गाठ तांबड्या जास्पर दगडाची करून, उंबराच्या कुळातल्या झाडाच्या सालीच्या दोरीत ओवून, पुरण्याच्या दिवशी मृताच्या गळ्यात घालावी असे बजावले आहे. १६० व्या अध्यायात हिरव्या फेल्डस्पारचा पपायरसच्या देठाचा ताईत येतो. सर्वांत हृद्य आहे तो अध्याय ३० ब. हिरव्या दगडातून शेणकिड्याच्या आकाराचा ताईत कोरून, त्याच्या पोटावर मंत्र खोदून तो हृदयावर ठेवायचा, आणि परलोकातल्या न्यायसभेत तराजूसमोर उभे असताना हृदयाने आपल्या धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये अशी त्याला विनवणी करायची, असा तो विधी आहे. शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या आणि जमिनीतून नव्याने बाहेर पडणाऱ्या किड्यात इजिप्शियनांनी उगवत्या सूर्याचा देव पाहिला होता.

ग्रंथातला नियम प्रत्यक्षात कसा पाळला जाई, हे तुतनखामेनच्या ममीने दाखवले. हॉवर्ड कार्टर यांना हे थडगे नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडले. ममीची तपासणी नोव्हेंबर १९२५ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांच्या मदतीने झाली. तागाच्या पट्ट्यांच्या थरांमधून १४३ वस्तू निघाल्या, आणि प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, देहाच्या कोणत्या भागावर, कोणत्या दिशेला तोंड करून होती याची कार्टर यांनी नोंद ठेवली. गळ्यावर ताइतांचे थरच्या थर होते. डोक्याखाली उशीच्या आकाराचा लोखंडी ताईत होता, आणि लोखंड गाळण्याची कला ज्या काळात इजिप्तला परकीच होती त्या काळात तो तेथे होता. मांडीजवळच्या प्रसिद्ध कट्यारीचे लोखंड उल्केतले असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीने दाखवले. या १४३ वस्तू बाजारात सुट्या विकल्या गेल्या असत्या, तर त्यांतल्या अर्ध्याअधिक दागिने म्हणूनच ओळखल्या गेल्या असत्या. त्यांना ताईत ठरवले ते त्यांच्या जागेने आणि जागेच्या नोंदीने.

राजांच्या पलीकडे, साध्या घरांतही ही व्यवस्था पोहोचली होती, आणि मराठी वाचकाला तिचा हा भाग विशेष ओळखीचा वाटेल. इ.स.पू. अकराव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान थीब्झ परिसरात नव्या बाळासाठी देवाचा कौल मागून तो पपायरसच्या अरुंद, लांब पट्टीवर लिहून घेण्याची रीत होती. साप, विंचू, आजार, कोसळणारी भिंत, नदीप्रवास, वाईट नजर अशा संकटांची नावे घेऊन प्रत्येकापासून या मुलाचे रक्षण करीन असे देवाचे वचन त्यात असे, आणि ती पट्टी घट्ट गुंडाळून, छोट्या नळीत घालून मुलाच्या गळ्यात बांधली जाई. चांदीच्या नळीत मंत्राची चिठ्ठी घालून लेकराच्या गळ्यात ताईत बांधणाऱ्या महाराष्ट्रातल्या घरांना ही वस्तू समजावून सांगावी लागणार नाही. काहींनी तर चिन्हे थेट कातडीवर घेतली: देर अल-मदीना या कारागिरांच्या गावातल्या एका स्त्रीच्या ममीवर तीसहून अधिक गोंदणे आढळली, ज्यांत गळ्यावर होरस देवाचा रक्षक डोळा आणि हातावर हाथोरच्या गायी आहेत.

इजिप्त आणि बालाघाट यांच्यातल्या या साम्यांवरून एखादी काल्पनिक वाट जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. पैठण आणि तेर येथून माल भडोचमार्गे तांबड्या समुद्रातल्या इजिप्शियन बंदरांना जात असे, त्यात पैठणचे अकीक जातीचे दगड होते, ही गोष्ट ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. परंतु तो ग्रंथ इ.स. पहिल्या शतकातला आणि गुंगेरियाचा निधी त्याच्या हजारभर वर्षे तरी आधीचा, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातला मानला जातो. बैलाच्या जिवावर जगणाऱ्या समाजांनी त्याचे शिंग सामर्थ्याची खूण म्हणून उचलावे, यासाठी एकाने दुसऱ्याकडे पाहण्याची गरज नसते. गुंगेरियाच्या पत्र्यांचा अर्थ शोधायचा तो भारतीय पुराव्यातच.

तो पुरावा तुटक असला तरी मौल्यवान आहे. ताम्रनिधींचा काळ ठरवण्याचे पहिले ठोस पाऊल बी. बी. लाल यांनी टाकले; निधी सापडलेल्या जागांवर जाऊन त्यांनी खणले आणि गेरू रंगाच्या मृद्भांड्यांशी या निधींचा संबंध सुचवला, जो पुढे सैपई येथील उत्खननाने बळकट केला. दुआबातल्या निधींमध्ये तांब्याची एक जाड, आखूड हात आत वळवलेली आकृती मिळते, जिला मानवाकृती म्हणतात. पक्षी मारण्याचे फेकशस्त्र येथपासून देवतेचे प्रतीक येथपर्यंत तिचे अर्थ लावले गेले. २०१८ मध्ये बागपत जिल्ह्यातल्या सिनौली येथे संजय मंजुल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात या वादाला नवे वळण मिळाले. तेथे इ.स.पू. २००० च्या आसपासच्या एका दफनात लाकडी शवपेटीच्या झाकणावर तांब्याच्या आठ मानवाकृती बसवलेल्या आढळल्या, ज्यांच्या मस्तकावर बैलाच्या शिंगांचा मुकुट आणि मधोमध पिंपळपान आहे. शिंग धारण केलेल्या आठ आकृती मृताच्या अंगावर ओळीने बसवण्यामागे केवळ शोभेचा विचार होता, असे मानणे कठीण आहे. अर्थ निश्चित सांगणारा मंत्र येथे नाही, परंतु जागा आहे, आणि जागा पुष्कळ बोलते.

महाराष्ट्रातही असाच एक नमुना आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी केलेल्या उत्खननात, इ.स.पू. १३०० च्या सुमाराच्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक छोटी पेटी सापडली. पेटीत शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती, आणि तिच्याबरोबर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल ठेवलेला होता. मूर्ती काडीच्या आधाराने बैलाच्या पाठीवर उभी राहू शकेल अशी छिद्रे दोहोंना होती. घरातल्या माणसांच्या पायाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी जपून पुरलेली ही देवी आणि तिचा बैल हे घराच्या रक्षणाचे साधन होते, असा अर्थ लावण्याला येथे भक्कम आधार मिळतो, कारण उत्खनकांनी पेटी जशीच्या तशी नोंदवली. गुंगेरियाचे पत्रे आणि इनामगावची पेटी यांच्यात फरक आहे तो एवढाच: पेटी जागेच्या नोंदीसह मिळाली, पत्रे त्या नोंदीविना.

बालाघाटच्या लोकजीवनातून या पत्र्यांवर उजेड पडेल का, हाही विचार करण्यासारखा आहे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून त्यांवर बेगड, म्हणजे धातूचा चकचकीत पातळ कागद, चिकटवण्याची पद्धत वैनगंगेच्या दोन्ही तीरांना आहे, आणि दुसऱ्या दिवशी मारबत किंवा नारबोदच्या निमित्ताने इडापिडा, रोगराई गावाबाहेर हाकलली जाते. बैलाचा सण आणि संकट परतवण्याचा विधी येथे लागोपाठच्या दिवशी येतात. वरच्या जंगलातल्या बैगांकडे रक्षणाची धुरा त्याहून उघडपणे आहे. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात नोंदवलेल्या कथेनुसार नव्याने घडलेली पृथ्वी डगमगत होती, तेव्हा नांगा बैगा या आदिपुरुषाने तिच्या चार कोपऱ्यांना खिळे ठोकून ती स्थिर केली. आणि त्याच अधिकाराने बैगा गुनिया, म्हणजे मांत्रिक, लोखंडी खिळा ठोकून वाघाचे तोंड बांधतो, अशी श्रद्धा आहे. बैगा स्त्रियांच्या अंगभर गोंदणाकडेही रंगरूपाचा शृंगार म्हणून पाहणे अपुरे ठरते. मृत्यूनंतर सोबत जाते ते फक्त गोदना, ही समजूत मध्य भारतात खोलवर रुजलेली आहे.

गुंगेरियाची बातमी कलकत्त्याला कळवणाऱ्या ब्लूमफील्ड यांनीच पुढे १८८५ मध्ये बैगांविषयी टिपण प्रसिद्ध केले, त्यांना जंगलातून काढून नांगरशेतीकडे वळवण्याचा सरकारी खटाटोपही त्यांच्याच कारकिर्दीतला. एकाच अधिकाऱ्याच्या हातून जिल्ह्याची सर्वांत जुनी चांदी आणि जिल्ह्यातली जिवंत रक्षाविद्या अशी दोन्ही गेली, पण दोन्ही एकमेकांसमोर ठेवून पाहण्याचा विचार त्या काळात कोणाच्या मनात आला नाही. अर्थात, आजच्या बेगडीवरून किंवा खिळ्यावरून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पत्र्याचा अर्थ सिद्ध होत नाही. मधल्या काळात या परिसरात नागपूरजवळच्या माहुरझरीचे बृहदश्मयुगीन लोक आले, ज्यांनी घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज चढवून त्याला धन्याबरोबर पुरले. पवनीचे बौद्ध स्तूप आले, जेथे फणा उभारून बुद्धाचे रक्षण करणारा मुचलिंद नाग नावानिशी कोरलेला आहे. नंतर गोंडांची राज्ये आली, भोसल्यांची सत्ता आली. लोकजीवनातून मिळते ती सूचना, आणि सूचनेला पुराव्याची जागा देता येत नाही.

त्यामुळे गुंगेरियाच्या वृषभशीर्षांविषयी आजच्या घडीला एवढेच म्हणणे न्याय्य ठरते की, ती दुर्मीळ आणि परक्या धातूची आहेत, वापरातल्या हत्यारांबरोबर पण त्यांच्याहून वेगळ्या प्रयोजनाने घडवलेली आहेत, आणि बैलाच्या शिंगाला पवित्र सामर्थ्य मानणाऱ्या भारतीय ताम्रयुगीन परंपरेत ती सहज बसतात. रक्षाचिन्ह असण्याचा संभव त्यांच्या बाबतीत अलंकार असण्याच्या संभवापेक्षा अधिक वाटतो. तो संभव खात्रीत बदलू शकला असता, जर पत्रे कोणत्या क्रमाने, कशावर, कोणत्या मृद्भांड्यांच्या संगतीत होते याची नोंद झाली असती. निधी सापडल्यानंतर तो फुटला. त्यातल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात विखुरल्या. १८७० मध्ये अशा शोधांना देशभर लागू होणारा कायदाही नव्हता. भारतीय निखात निधी अधिनियम आठ वर्षांनी, १८७८ मध्ये, आला.

तो अधिनियम अजून अमलात आहे, आणि त्यानुसार जमिनीत लपलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती कोणत्या जागी आणि कोणत्या तारखेला मिळाली हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. बालाघाट, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत आजही नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खणकामाला, तळ्याच्या गाळ उपसण्याला जुनी वस्तू लागते. ज्याला ती लागेल त्याने ती उचलण्याआधी होती तशी राहू द्यावी, तिच्याभोवतीची माती, खापरे आणि हाडे हलवू नयेत, मोबाइलवर जागेचे छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे.